चर्चा: परफॉर्मन्स एअर फिल्टरने इंजिनाची ताकद खरोखर वाढते का?

घाटवाट (धागाकर्ता):
माझ्या १.२ लिटर पेट्रोल गाडीला बॉनेटखाली उघडा बसणारा शंकूच्या आकाराचा फिल्टर बसवावा, असा आग्रह ॲक्सेसरीजच्या दुकानदाराने धरला आहे. पिकअप आणि मायलेज दोन्ही वाढतील, असे तो म्हणतो. मला ते मुळीच पटत नाही. पेट्रोल इंजिनात हवेची वाट मुख्यतः अडवते ती थ्रॉटलची झडप. शहरात आपण पेडल जेमतेम पाव दाबतो तेव्हा ही झडप बरीचशी मिटलेली असते, आणि तिच्या अलीकडचा फिल्टर कितीही मोकळा केला तरी इंजिनाला जवळजवळ तेवढीच हवा मिळते. अमेरिकेतील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ साली मुद्दाम तुंबवलेले फिल्टर लावून इंधन-इंजेक्शनच्या (कार्ब्युरेटर नसलेल्या) गाड्या तपासल्या, तेव्हा इंधनाच्या खपात लक्षणीय फरक पडला नाही. फिल्टर तुंबल्यावर जे मायलेज घटत नाही, ते फिल्टर मोकळा केल्यावर वाढेल कसे? शिवाय कंपनीचा फिल्टरबॉक्स बाहेरची हवा ओढतो, तर उघडा शंकू बॉनेटखालची तापलेली. हवा १० अंशांनी तापली की तिची घनता सुमारे ३ टक्क्यांनी घटते, म्हणजे उन्हाळ्यात सिग्नलवर उभ्या गाडीत पैसे मोजून ताकद घालवण्याचाच हा प्रकार.

टर्बोप्रेमी:
आपण त्याच चाचणीचा अर्धाच निष्कर्ष सांगितलात. तुंबलेल्या फिल्टरने पूर्ण पेडल दाबल्यावरची वेगवाढ मंदावली होती, हेही त्याच अहवालात आहे. पाच माणसे आणि सामान घेऊन खंबाटकी घाट चढताना थ्रॉटल पाव उघडे नसते, ते पुरते उघडे असते. डिझेलला तर आपला युक्तिवाद लागूच होत नाही, कारण तिथे ताकदीचे नियंत्रण हवा अडवून नव्हे, तर इंधन कमीजास्त करून होते. माझ्या टर्बो डिझेलमध्ये मूळ डब्यातच बसणारा मोकळा फिल्टर आहे, त्यामुळे तापलेल्या हवेचा प्रश्नही उरत नाही. नुसत्या फिल्टरने फार फरक पडत नाही, हे मला मान्य आहे, कारण बूस्ट किती द्यायचा, म्हणजे टर्बोने इंजिनात हवा किती दाबून भरायची, हे ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक ठरवतो. फिल्टरला रिमॅपची, म्हणजे त्या संगणकाच्या प्रोग्रॅममधल्या बदलाची, जोड दिल्यावर मात्र गाडी ओळखू येत नाही.

निवृत्त फिटर:
ओळखू येत नाही, हे खरे आहे. क्लच घसरू लागल्यावर तर अजिबातच येत नाही! कंपनीने क्लच आणि गिअरबॉक्स मूळ टॉर्कच्या, म्हणजे इंजिनाच्या फिरवण्याच्या जोराच्या, हिशेबाने बसवलेले असतात, आणि रिमॅप करणारा ते बदलून देत नाही.

पण माझा मुख्य आक्षेप तेल लावलेल्या कापडी फिल्टरला आहे. धुतल्यावर लोक हौसेने जास्त तेल लावतात, ते हवेबरोबर पुढे जाऊन हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या तापलेल्या तारेवर बसते आणि मोजमाप चुकते. पेट्रोलच्या वजनाच्या १४.७ पट हवा हे प्रमाण राखण्यासाठी ऑक्सिजन सेन्सर काही काळ सांभाळून घेतो, पण नंतर डॅशबोर्डवरचा इंजिनाचा चेक लाइट लागतोच. कच्च्या रस्त्यावर रोज फिरणाऱ्यांनी तर बारीक धुळीचाही विचार करावा, कारण मोकळ्या जाळीतून निसटलेली धूळ पिस्टनच्या रिंगा आणि टर्बोची पाती घासते.

टर्बोप्रेमी:
जास्त तेल लावणे हा लावणाऱ्याचा दोष झाला, फिल्टरचा नव्हे. धुळीचा मुद्दा मात्र मान्य. गावी जाताना मी कागदी फिल्टरच लावतो.

घाटवाट:
डिझेलबाबत आपले म्हणणे बरोबर आहे, ते माझ्या मांडणीतून सुटले होते. माझी गाडी मात्र टर्बो नसलेली पेट्रोल आहे. दुकानदाराला मी म्हटले, ‘बसवण्याआधी आणि नंतर डायनोवर, म्हणजे ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, ताकद मोजून दाखवा.’ त्यावर तो म्हणाला, ‘साहेब, आवाज तर ऐका!’

निवृत्त फिटर:
मोजायला तयार झालाच, तर बॉनेट बंद ठेवायला सांगा. डायनोवर बॉनेट उघडे टाकून समोर मोठा पंखा लावतात, त्यामुळे शंकूला थंडगार हवा मिळते आणि आकडा छान येतो.