मोपासांचा हार: बाईची हौस नडली, की दुसरंच काही?

शहापूरचा मास्तर
शिकवणीच्या पोरांना परवा फ्रेंच कथाकार मोपासांची 'नेकलेस' (१८८४) ही कथा वाचून दाखवली. माटिल्ड ही पॅरिसमधल्या कारकुनाची बायको. मेजवानीसाठी मैत्रिणीचा हिऱ्यांचा हार मागून नेते आणि हरवते. नवराबायको ३६ हजार फ्रँकला तसलाच दुसरा घेऊन परत करतात, दहा वर्षं कर्ज फेडतात. शेवटी कळतं, मूळ हार खोटा, फार तर पाचशेचा. पोरांना विचारलं, कथेचं सूत्र काय? सगळी एका सुरात, "अंथरूण पाहून पाय पसरावेत!" डोक्याला हात लावला. म्हणीत मावत असती तर कथा कशाला लिहिली असती?
माझ्या मते प्रतीक हारात नाहीच, डबीत आहे. डबीवर नाव असलेला सराफ वह्या चाळून सांगतो की हार मी विकलेला नाही, नुसती डबी दिली असेन. सगळं तिथंच उघडं पडलंय, आणि तिथं ना ती दोघं थांबतात, ना आपण.

खानापूरची अक्का
रागवू नका वो मास्तर, पण पोरांचं बरोबर आहे. नवऱ्यानं बंदुकीसाठी साठवलेले चारशे फ्रँक काढून झगा शिवून दिला, तरी बाईचं तोंड वाकडंच. लेखक तिला चिमटेच काढतोय. माझी चुलती एका लग्नाला आमची बोरमाळ मागून घेऊन गेली होती. अक्षता पडेपर्यंत गळ्यावरचा हात काढला नाही तिनं. दुसऱ्याची वस्तू अशी जपायची असते.

टिळकवाडी
अक्का, चिमटे सुरुवातीला आहेत. पुढं वाचा की. तेलकट भांडी घासून गुलाबी नखं झिजतात, पाणी वर नेताना ती दर मजल्याला दम खाते. इथं लेखक हसत नाही. आणि मधेच स्वतःच विचारतो, हार हरवला नसता तर काय झालं असतं? कुणास ठाऊक! शिक्षा ठोठावणारा माणूस असं विचारत नाही. सूर बदलतो तिथं अर्थ बदलतो.

निपाणीचे तात्या
प्रतीक प्रतीक काय लावलंय वो! कथाकार जी. ए. कुलकर्णी, म्हणजे जीए, आपल्याच भागातले, धारवाडला इंग्रजी शिकवायचे. त्यांच्या कथेत पाखरू उडालं तरी लोक नियती म्हणतात. हार म्हणजे हार. ही कथा शेवटच्या एका वाक्यावर उभी आहे. ते काढा, काय राहतं?

शहापूरचा मास्तर
तात्या, शेवट माहीत असताना परत वाचा, मग बोलू. नवा हार परत नेल्यावर मैत्रीण गुरगुरते, "लवकर आणायचास की, मला लागला असता." पण डबी उघडून बघतच नाही. माटिल्डला भीती तेवढीच होती, की ही उघडेल. उघडली असती तर दहा वर्षं वाचली असती कदाचित! आमच्या सराफ गल्लीत या, लाल डबीवर नाव मोठ्या पेढीचं आणि आत एक ग्रॅमवालं. लोक डबी बघून मान डोलावतात.

टिळकवाडी
म्हणजे चूक मैत्रिणीची? देतानाच सांगायचं होतं, खोटा आहे म्हणून.

खानापूरची अक्का
मागायला आलेल्या बाईला असं कोण सांगतंय वो? आम्ही बी नाही सांगितलं. ती बोरमाळ एक ग्रॅमचीच होती. चुलतीला अजून पत्ता नाही.