युद्धनीतीचं वाचन सुन त्झूपासून सुरू करू नये

गडकोट
जुने युद्धग्रंथ वाचायचे म्हटलं की जो तो सुन त्झूचा प्राचीन चिनी युद्धग्रंथ हातात ठेवतो. मराठी वाचकाने तिथून सुरुवात करू नये असं माझं ठाम मत आहे. ग्रंथ थोर आहे, त्याबद्दल वाद नाही. पण तेरा प्रकरणं आणि मूळ चिनी मजकूर जेमतेम सहा हजार अक्षरांचा. तो एका बैठकीत संपतो आणि लक्षात राहतात ती फक्त सुभाषितं. 'शत्रूला ओळखा, स्वतःला ओळखा, शंभर लढायांत शंभर विजय' हे त्यातलंच एक. तिसऱ्या प्रकरणातल्या त्या मूळ वाक्यात विजय हा शब्दच नाही. 'शंभर लढायांत धोक्यात येणार नाही' एवढंच आहे. उलट त्याच प्रकरणाच्या सुरुवातीला, शंभर लढायांत शंभर विजय हे काही सर्वोत्तम नव्हे, असं स्पष्ट म्हटलंय.

त्यापेक्षा रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र, म्हणजे मराठी राज्याच्या कारभारावरचा ग्रंथ, आधी घ्या, आणि त्यातही किल्ल्यांवरचं दुर्गप्रकरण. काळ १७१५-१६च्या सुमाराचा. गड बांधण्याआधी पाणी पाहा, हे कुणीही सांगेल. अमात्य पुढे जातात: गडावर झरा आहे, पाणी पुरतंय, म्हणून निश्चिंत राहू नका, कारण 'झुंजामध्ये भांडियाचे आवाजाखाली झरे स्वल्प होतात' आणि नेमका तेव्हाच पाण्याचा खर्च वाढतो. म्हणून झरा असला तरी टाकी खोदायचीच. दारूखान्याचंही तसंच. तो घराजवळ नको, त्याला तळघर हवं, खाली माच (लाकडी मांडणी) घालून वर दारूची मडकी ठेवायची, सर्दी लागू द्यायची नाही. आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने (म्हणजे गडाच्या मुख्य अधिकाऱ्याने) स्वतः येऊन दारू आणि बाण बाहेर काढायचे, ऊन द्यायचं, परत ठेवून मोहर करायची. यातलं एकही वाक्य सुभाषित म्हणून भिंतीवर लावता येत नाही, आणि मला तेच मोलाचं वाटतं.

वेळूपट्टी
असहमत. दोष वाचण्याच्या पद्धतीचा आहे आणि शिक्षा ग्रंथाला होतेय. तुम्हाला तपशील हवाय ना? दुसरं प्रकरण उघडा. हजार वेगवान रथ, हजार जड गाड्या, एक लाख चिलखती सैनिक, हजार ली (जुनं चिनी अंतरमाप) अंतरावर रसद: खर्च रोजचा हजार सुवर्ण. पुढे हिशोब येतो की शत्रूच्या मुलखातलं एक माप धान्य घरून आणलेल्या वीस मापांच्या बरोबरीचं, कारण वाहतुकीतच बाकीचं खपतं. लांबलेलं युद्ध राज्य बुडवतं हा त्याचा निष्कर्ष या आकड्यांवर उभा आहे.

तेराव्या, हेरांच्या प्रकरणात तो म्हणतो की लाखाची फौज निघाली की सात लाख घरांची शेती थांबते. हा आकडा नुसता वाचला तर अतिशयोक्ती वाटेल. तिथे त्साव त्सावची टीका, म्हणजे ग्रंथावरचं भाष्य, लागते (स्वतः चिनी सेनापती, मृत्यू इ.स. २२०). तो सांगतो: जुन्या व्यवस्थेत आठ घरांचा एक गट. एका घरातून शिपाई जायचा, उरलेली सात घरं त्याला पोसायची. लगेच हिशोब जुळतो, आणि सुन त्झू हेरांवर पैसा खर्च करा असं का म्हणतो तेही कळतं. सात लाख घरांपुढे हेराचा पगार म्हणजे काय?

म्हणून क्रम असा ठेवा: दुसरं प्रकरण, तेरावं, मग पहिलं. आणि टीकेशिवायची आवृत्ती घेऊच नका.

बोथाटी
दोघांचाही भर कागदावर आहे. शस्त्राबद्दलचं लेखन शस्त्र हातात घेतल्याशिवाय अर्धंच कळतं. जपानी तलवारबाज मियामोतो मुसाशीचा 'पाच वर्तुळांचा ग्रंथ' घ्या, १६४३ ते ४५ मधला. भूमी, जल, अग्नी, वायू, शून्य अशा पाच गुंडाळ्या. जल-गुंडाळीत तलवार धरायची कशी ते आहे: अंगठा आणि तर्जनी हलकी, मधलं बोट ना घट्ट ना सैल, अनामिका आणि करंगळी घट्ट. नवशिका नेमकं उलट करतो. अंगठा-तर्जनी आवळली की मनगट ताठरतं, ताठरपणा खांद्यापर्यंत चढतो आणि पातं वळतच नाही. हे वाचून समजत नाही, हाताला समजावं लागतं.

आणि हीच पकड पट्ट्याला, म्हणजे आपल्या दांडपट्ट्याच्या तलवारीला, लावायला गेलात तर फसाल. पट्ट्याची मूठ आडवी, वर लोखंडी खोबळा (हात झाकणारं आवरण) हातभर, मनगट जवळजवळ बांधलेलंच. वार खांद्यातून आणि कमरेतून फिरतो. म्हणजे मुसाशीचा तपशील त्या एका शस्त्राचा आहे, सार्वत्रिक नाही. जो सराव करत नाही त्याने फक्त भूमी आणि वायू वाचाव्यात. वायू म्हणजे इथे वारा नव्हे, तलवारबाजीच्या इतर शाळांच्या 'रीती'. त्यात तो प्रतिस्पर्धी पंथांच्या चुका दाखवतो.

वेळूपट्टी
@बोथाटी, पकडीचा मुद्दा पटला, निष्कर्ष नाही. अग्नी-गुंडाळीत मुसाशी स्वतः एकास एक झुंज आणि मोठ्या सैन्याची लढाई एकाच तत्त्वाखाली आणतो. तो भाग सराव न करणाऱ्याला बंद का करायचा?

मोडीवाला
@गडकोट, आज्ञापत्र सोपं आहे असा समज तुमच्या लिहिण्यातून होतो. तो धोक्याचा आहे. तुम्हीच दिलेलं वाक्य बघा: 'भांडियाचे आवाजाखाली'. आजचा वाचक इथे स्वयंपाकघरातली भांडी समजणार. भांडं म्हणजे तोफ! 'किल्ल्यास एक दरवाजा थोर आयब आहे' यातला आयब म्हणजे दोष. तो शब्द अडला की दोन-तीन दरवाजे आणि चोरदिंड्या (छुप्या लहान वाटा) का हव्यात हे निसटतं. शब्दार्थांची टीप नसलेली प्रत सुन त्झूच्या पातळ आवृत्तीइतकीच निरुपयोगी.

शिवाय दुर्गप्रकरणात राज्याराज्यांमधलं गणित नाही. त्यासाठी कौटिल्याचं अर्थशास्त्र लागतं. तिथेही लोक थेट सातव्या अधिकरणातल्या (भागातल्या) षाड्गुण्यावर, म्हणजे परराष्ट्रनीतीच्या सहा उपायांवर, उडी मारतात आणि संधी (तह), विग्रह (युद्ध), आसन (स्वस्थ बसणं) ही नुसती यादी पाठ करतात. आधी सहावं वाचा, त्यात बारा राजांचं मंडल, म्हणजे भोवतालच्या शत्रू-मित्र राज्यांची मांडणी, आहे. मग सातव्यातला नियम नीट बसतो: आपण घटत असू तर संधी, वाढत असू तर विग्रह. मोजमाप शत्रूच्या तुलनेत करायचं, हे मंडल कळल्याशिवाय लक्षात येत नाही. मुंबई विद्यापीठाने काढलेली र. पं. कंगले यांची तीन भागांतली प्रत मिळाली तर दुसरीकडे पाहू नका.

गडकोट
भांड्याचा अर्थ मीच द्यायला हवा होता, चूक मान्य. त्साव त्सावचा हिशोबही पटला. दुसरं आणि तेरावं प्रकरण दुर्गप्रकरणाच्या जोडीने वाचायला माझी हरकत नाही. पण पहिलं प्रकरण नवख्याच्या हाती देण्याला विरोध कायम आहे. 'युद्ध म्हणजे फसवणुकीचा मार्ग' हे वाक्य तिथेच आहे, आणि रसदीचा हिशोब न वाचता पुढे गेलेला वाचक तेवढंच घेऊन उठतो.