'दान' म्हणावं की 'देणं'?

प्रश्न

जगातली गरिबी आणि श्रीमंती यांकडे निरनिराळे धर्म कसे बघतात यावर एक मोठा लेख लिहिते आहे. मजकूर बराचसा तयार आहे, पण काही शब्दांपाशी अडले आहे. सगळ्यांत जास्त अडवतो तो 'दान'.

इस्लाममधली जकात, ज्यूंची त्सदाका, ख्रिस्ती दशांश, शिखांचा दसवंध या सगळ्यांना मराठीत सरसकट 'दान' म्हणायची पद्धत आहे. वाक्य सोपं होतं, पण आजच्या मराठीत 'दान' म्हटलं की एक दानशूर आणि एक याचक, अशी जोडी लगेच डोळ्यांपुढे येते. देणाऱ्याने नाही दिलं तरी त्याला कुणी दोष देत नाही; दिलं तर कौतुक होतं. जकातीचं तसं नाही. निसाब म्हणजे ठरलेली किमान मर्यादा ओलांडलेली संपत्ती एक चांद्र वर्ष हाती राहिली, की तिचा चाळिसावा भाग, म्हणजे २.५ टक्के, द्यावाच लागतो. कुराणाच्या सत्तराव्या सूरेत ज्यांच्या संपत्तीत मागणाऱ्याचा आणि वंचिताचा ठरलेला हक्क असतो, अशा लोकांचा उल्लेख येतो. तिथे मूळ अरबी शब्दच 'हक' आहे, आपण रोज वापरतो तोच 'हक्क'. ज्याचा हक्क आहे त्याला त्याचं पोचतं करणं हे दान कसं होईल?

त्सदाकाचं मूळही 'न्याय' या अर्थाच्या हिब्रू शब्दात आहे. मग तिथे काय लिहावं?

जोडीला एक छोटा प्रश्न : 'गरिबी' आणि 'दारिद्र्य' हे शब्द एकाच लेखात आलटून पालटून वापरले तर चालेल का?

प्रतिसाद

'जकात' हा शब्द आहे तसाच ठेवा. मराठी वाचकाला आधी जकात नाका आठवेल, हे खरं. पण त्यात बिघडत काही नाही. सुरुवातीच्या इस्लामी राज्यात जकात वसूल केली जायची, ती द्यायला नकार देणाऱ्या टोळ्यांशी पहिले खलिफा अबू बक्र लढले होते. म्हणजे वसुलीचा अर्थ शब्दाला बाहेरून चिकटलेला नाही. मूळ धातूचा अर्थ मात्र शुद्ध होणं आणि वाढणं असा आहे, तो एका वाक्यात सांगून टाका.

जकात कुणाला द्यायची त्याचे आठ वर्ग कुराणात दिले आहेत. त्यांत गरीब आहेतच, शिवाय कर्जात बुडालेले आणि वाटेत अडकलेले प्रवासीही आहेत. 'दान' म्हटल्यावर आपल्याला कर्जबाजारी माणूस सहसा आठवत नाही.

प्रतिसाद

गरिबी-दारिद्र्याबद्दल. आलटून पालटून वापरू नका, फरक आहे आणि तो बोलण्यात रोज दिसतो.

'गरीब' सहानुभूतीने येतो. 'गरीब बिचारा', 'गरीब गाय', 'स्वभावाने गरीब'. इथे पैशाचा संबंधच नाही, निरुपद्रवी आणि सोशिक एवढाच अर्थ. 'दरिद्री' मात्र शिवी होऊ शकते. 'काय दरिद्री माणूस आहे' हे पैसेवाल्या माणसालाही म्हणतात, कंजूषपणा किंवा कळकटपणा दाखवायला. 'दरिद्री लक्षण' तर सरळसरळ दोषच. भाववाचक नाम केलं की उलटं होतं. 'दारिद्र्य' भारदस्त, शास्त्रीय शब्द ठरतो : दारिद्र्यरेषा, दारिद्र्य निर्मूलन. 'वैचारिक दारिद्र्य' म्हणतो, 'वैचारिक गरिबी' कुणी म्हणत नाही.

व्युत्पत्ती बघितली तर चकित व्हायला होतं. 'गरीब' अरबीत म्हणजे परका, परदेशी, अनोळखी. 'दरिद्र' संस्कृतात 'द्रा' म्हणजे धावणे या धातूपासून, इकडून तिकडे भटकणारा. दोन वेगळ्या भाषाकुळांतले शब्द, पण दोघांनाही गरीब माणूस आधी दिसला तो आपल्यातला नसलेला, ठिकाणा नसलेला माणूस म्हणून. जागतिक गरिबीवर लिहिताना हे फार बोचतं. दूरच्या देशातला भुकेला माणूस आपल्याला आजही शब्दशः 'गरीब' आहे, परका आहे.

रेषेचा उल्लेख करणार असाल तर जपून. जागतिक बँकेची अतिदारिद्र्याची रेषा आधी माणशी दिवसाला २.१५ डॉलर होती, जून २०२५ मध्ये ती ३ डॉलर झाली. हे डॉलर त्या त्या देशातल्या खरेदीशक्तीनुसार धरलेले असतात. नव्या रेषेखाली सुमारे ८० कोटी माणसं येतात. म्हणून 'इतके लोक दारिद्र्यरेषेखाली' असं लिहिताना कोणती रेषा ते सांगायला हवं.

प्रतिसाद

दानाची बाजू घ्यावीशी वाटते. शब्दाचा आजचा वापर उथळ झाला म्हणून शब्दच टाकून देऊ नये.

शंकराचार्यांनी गीताभाष्यात 'दान'चा अर्थ दिला आहे तो असा : 'यथाशक्ति संविभागः'. संविभाग म्हणजे नीट केलेली वाटणी. विनोबांनी भूदानाच्या काळात हाच अर्थ पुढे आणला आणि लोकांकडे जमीन मागितली ती घरातला आणखी एक भाऊ म्हणून, आपला वाटा मागावा तशी. जैन श्रावकांच्या बारा व्रतांत 'अतिथिसंविभाग' आहे, तिथेही तोच शब्द. वाटणीत उपकार नसतो. भावाला त्याचा वाटा दिला म्हणून कुणी दानशूर ठरत नाही.

देण्याची रीतही जुन्या ग्रंथांनी बारकाईने सांगितली आहे. तैत्तिरीय उपनिषदात 'ह्रिया देयम्' आहे : लाजून द्यावं. घेणाऱ्याने लाजायचं नाही, लाजायचं ते देणाऱ्याने. गीतेचा सतरावा अध्याय तर अपमान करून दिलेल्या दानाला तामस म्हणतो. आणि ऋग्वेदातल्या दानसूक्तात 'केवलाघो भवति केवलादी' आहे. एकटा खाणारा केवळ पापाचा धनी होतो. यात 'जमलं तर द्या' असा सूर कुठेच नाही.

बौद्धांच्या पाली सुत्तांकडेही बघा. कूटदंत सुत्तात राजाला सल्ला मिळतो की चोऱ्या थांबवायच्या तर शेतकऱ्याला बियाणं द्या, व्यापाऱ्याला भांडवल द्या, चाकरी करणाऱ्याला वेतन द्या. चक्कवत्ति सीहनाद सुत्तात राजा निर्धनांना धन देत नाही, मग दारिद्र्य वाढतं, त्यातून चोरी, चोरीतून शस्त्रं, शस्त्रांतून हत्या, अशी उतरंड आहे. गरिबीची जबाबदारी इथे राज्यकर्त्यावर टाकलेली आहे, गरिबाच्या स्वभावावर नाही.

प्रतिसाद

वरचं सगळं मान्य आहे, पण ही एकच बाजू झाली. त्याच परंपरांनी 'प्राक्तन', 'पूर्वसंचित', 'कपाळ', 'नशिबाचे भोग' हेही शब्द दिले. गरिबाला त्याची गरिबी त्याचीच कमाई आहे असं शिकवणारे हे शब्द आहेत आणि शतकानुशतकं ते त्याच्याच तोंडी बसवले गेले. ख्रिस्ती जगातही संपत्ती म्हणजे देवाच्या कृपेची खूण असं मानणारे प्रवाह झाले आणि आहेत. लेखात 'दान' असेल तर 'प्राक्तन'ही यायला हवं. त्याशिवाय चित्र खोटं होईल.

'दरिद्रनारायण' वापरणार असाल तर तोही विचाराने. विवेकानंदांनी आणि नंतर गांधींनी तो गरिबाला मान देण्यासाठी वापरला, त्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण नारायण म्हटल्यावर दारिद्र्यालाच एक तेज चढतं. माणूस पूज्य असावा, त्याची उपासमार नको. स्वतःहून पत्करलेल्या निर्धनतेला आपल्याकडे वेगळा शब्द आहे, 'अकिंचन'. साधूला अकिंचन म्हणा, उपाशी मुलाला म्हणू नका.

'खैरात' टाळा. अरबीत तिचा अर्थ सत्कर्मं, मराठीत 'सवलतींची खैरात' म्हणजे उधळपट्टी.

प्रतिसाद

श्रीमंतीच्या बाजूने एकच भर घालतो. तुकोबांची 'जोडोनियां धन उत्तम वेव्हारें । उदास विचारें वेच करी' ही ओळ उद्धृत करणार असाल तर 'उदास'चा अर्थ कंसात द्या. आज तो खिन्न असा वाचला जाईल, तिथे तो अलिप्त असा आहे. 'वेच' म्हणजे खर्च. धन मिळवायला ना नाही, पण मिळवण्याची रीत चोख हवी आणि खर्चताना त्यात जीव अडकलेला नको.

मूळ प्रश्नकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. 'प्राक्तन' घेते आहे, त्याशिवाय लेख अपुरा राहिला असता.

दानाबद्दल माझं मत आता पक्कं होत चाललं आहे. संस्कृत वचनं सांगताना 'दान' ठेवेन आणि 'संविभाग' हा अर्थ लगेच देईन. जकात, त्सदाका, दसवंध हे त्यांच्या मूळ नावांनीच येतील. पण या सगळ्यांना मिळून एक नाव देताना मी 'देणं' वापरणार आहे. मराठीत देणं म्हणजे देण्याची क्रिया आणि देणं म्हणजे अंगावर असलेली बाकी. 'समाजाचं देणं लागतो' हे आपण सहज म्हणतो. चौथ्या शतकात मिलानचे बिशप अँब्रोज श्रीमंतांना बजावत होते की तुम्ही गरिबाला तुमचं काही देत नाही, त्याचं त्याला परत करता. हा विचार 'दान'मध्ये मावत नाही, 'देणं'मध्ये मावतो. बाराव्या शतकातले ज्यू धर्मपंडित मैमोनिडीज यांनी त्सदाकाच्या आठ पायऱ्या सांगितल्या, त्यांतली सर्वांत वरची म्हणजे कर्ज, भागीदारी किंवा काम देऊन माणसाला अशा स्थितीत आणणं की त्याला पुन्हा हात पसरावा लागू नये. तिथेही 'देणं' चालतं.

धर्म बाजूला ठेवून नीतीचा विचार करणारेही इथेच येतात. तत्त्वज्ञ पीटर सिंगर यांनी १९७२ च्या निबंधात उथळ डबक्यात बुडणाऱ्या मुलाचं उदाहरण दिलं. कपडे चिखलात खराब होतील म्हणून त्याला कुणी बुडू देणार नाही; मग दूरच्या मुलाच्या बाबतीत आपण वेगळे का वागतो? त्यांचा मुद्दा असा की अशा वेळी मदत करणं हे कर्तव्य आहे, आणि त्याला दानधर्म म्हटल्यामुळेच ते न करण्याची मोकळीक मिळते. राष्ट्रांचंही तेच. श्रीमंत देशांनी राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्के विकास साहाय्य द्यावं हे संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १९७० मध्ये ठरवलं. नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क, लक्झेंबर्ग असे मोजकेच देश तिथवर पोचले. या आकड्याची जकातीच्या २.५ टक्क्यांशी थेट तुलना मात्र करणार नाही, कारण जकात साठलेल्या संपत्तीवर असते आणि हा आकडा वर्षाच्या उत्पन्नावर.

एक शब्द अजून ठरायचा आहे. हिब्रू धर्मशास्त्रात दर सातव्या वर्षी कर्जं सोडून द्यायची आणि पन्नासाव्या, म्हणजे ज्युबिलीच्या वर्षी विकलेली जमीन मूळ कुटुंबाला परत करायची आज्ञा आहे. त्याच नावाने 'ज्युबिली २०००' ही गरीब देशांवरची कर्जं रद्द करण्याची मोहीम झाली. या रद्द करण्याला वर्तमानपत्रं 'कर्जमाफी' म्हणतात. मला 'कर्जमुक्ती' बरोबर वाटतो. माफीत अपराध गृहीत धरलेला असतो. हुकूमशहा मोबुटूंच्या राजवटीत झाईरने, म्हणजे आजच्या काँगोने, काढलेली कर्जं पुढे काँगोच्या लोकांच्या डोक्यावर राहिली. त्यांतला मोठा भाग २०१० मध्ये रद्द झाला. त्या लोकांना कशाची माफी द्यायची? 'कर्जमुक्ती'ला कुणाची हरकत असेल तर लेख छापायला जाण्याआधी जरूर कळवा.