हेडलाईटचा बल्ब स्वतः बदललाय का? अनुभव सांगा

ओली_माती :

पाऊस तोंडावर आलाय आणि रस्त्यावर एका डोळ्याच्या गाड्या दिसायला लागल्यात. लांबून वाटतं बाईक येतेय म्हणून आपण निवांत, जवळ आल्यावर कळतं की अख्खी कार आहे आणि विझलेला दिवा नेमका आपल्या अंगाचा. यातल्या निम्म्या लोकांना माहीत असतं, पण "सर्व्हिसिंगला टाकली की बघू" चाललेलं असतं. म्हणून हा धागा. घरी, सोसायटीच्या पार्किंगमध्ये, घाटात, कुठेही स्वतःच्या हाताने बल्ब बदललेल्यांनी लिहा, हात कुठे अडकला, काय कामी आलं. सुरुवात घरी केली आणि शेवट ऑटो इलेक्ट्रिशियनकडे झाला असं असेल तर नक्कीच लिहा. ज्यांच्या गाडीला कंपनीचेच एलईडी हेडलाईट आहेत त्यांनी नुसतं वाचावं, त्यांच्यात बहुतेक वेळा सुटा बल्ब नसतोच, गेला तर अख्खा दिवा.

माझ्यापासून सुरुवात. अल्टो, एच-४ हॅलोजन बल्ब, म्हणजे अप्पर (लांबचा झोत) आणि डिपर (जवळचा, खाली पडणारा) एकाच बल्बात. चावी काढली, बॉनेट उघडलं, मागचं तीन पिनांचं सॉकेट हलवत हलवत ओढलं (वायरला धरून नाही, सॉकेटला धरून), मग रबराची टोपी, मग ती स्प्रिंगची तार. त्या तारेचीच सगळ्यांना धास्ती असते. पण ती एका बाजूने बिजागरीसारखी अडकलेली असते, दाबून बाजूला केली की फक्त उघडते, आत पडत नाही. नव्या बल्बच्या चकतीला तीन कान असतात, वरचा जास्त रुंद, त्यामुळे तो एकाच पद्धतीने बसतो, जबरदस्ती करावी लागत असेल तर समजायचं की आडवा चाललाय. रबराच्या टोपीवर टॉप लिहिलेलं असतं ते वरच ठेवायचं आणि कडा चारी बाजूंनी दाबून घ्यायची, नाहीतर पहिल्याच पावसात आत पाणी. सासरे शेजारी उभं राहून "अगं मेकॅनिकला बोलव" म्हणत होते, त्यांचं म्हणणं पूर्ण व्हायच्या आत लाईट लागला होता.

खटारा_प्रेमी :

काचेला हात लावू नका असं सगळे सांगतात, का ते कोणी सांगत नाही. ही साधी काच नसते, क्वार्ट्झ असते, कारण बल्ब एवढासा आणि आतली तार (फिलामेंट) प्रचंड तापते. बोटाचं तेल लागलं की तेवढाच भाग जास्त तापतो, तिथे काच दुधाळ होत जाते आणि मग फुगते नाहीतर तडकते. चुकून लागला हात तर लगेच फेकायचं कारण नाही, कापसावर स्पिरिट घेऊन पुसा, वाळू द्या आणि मग लावा. मी तर खोक्यातून काढतानाच पत्र्याच्या चकतीला धरतो, हातमोजे वगैरे लागत नाहीत.

अजून एक, जुना बल्ब फेकायच्या आधी उजेडात धरून बघायचा. तार तुटलीये, काच आतून काळपट झालीये, म्हणजे वय झालं. आत पांढरट धूर जमल्यासारखं दिसलं तर कुठेतरी हवा शिरलीये. आणि बल्ब अगदी ठणठणीत दिसत असेल तर नवा आणायच्या आधी फ्यूज बघा, बऱ्याच गाड्यांत डाव्याला वेगळा उजव्याला वेगळा असतो. दोन्ही दिवे एकदम गेले तर बल्बवर संशय घेऊच नका, रिले (दिव्यांचा करंट चालू-बंद करणारी डबी) नाहीतर स्टिअरिंगजवळचा स्विच बघा.

कागलचा_पाहुणा :

आमच्यात बल्बचा दोषच नव्हता. वडिलांची जुनी जीप, डिपर लावला की उजवा दिवा झकास आणि डावा मिणमिणता, आणि वर डॅशबोर्डवरचा अप्परचा निळा दिवा पण हलकासा पेटलेला. बल्ब बदलून बघितला, तेच. गावातल्या एका मिस्त्रीने हेडलाईटचं पूर्ण वायरिंग बदलायचं म्हणून मोठा आकडा सांगितला. मग काका आले, शेतातल्या मोटारींची कामं करून करून त्यांचा हात बसलेला आहे. त्यांनी वायरचा एक तुकडा घेतला, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं डाव्या सॉकेटच्या अर्थच्या (करंट बॉडीतून बॅटरीला परत जातो त्या) पिनेला टेकवलं आणि दिवा भक्कन लागला. अर्थची वायर बॉडीला जिथे बोल्टने आवळलेली असते तिथे नुसता गंज! पॉलिश पेपरने घासलं, बोल्ट परत आवळला, वरून थोडं ग्रीस, काम खलास.

काकांनी समजावलं ते असं, एच-४ मध्ये दोन तारा पण अर्थ एकच. तो सुटला की डिपरच्या तारेतून आलेल्या करंटला जायला वाट नाही, मग तो अप्परच्या तारेतून उलटा शिरतो आणि त्या वायरने पलीकडच्या दिव्यातून अर्थ गाठतो, म्हणून दोन्ही तारा अर्धवट पेटतात आणि निळा दिवा पण. तुमच्या गाडीत डिपरवर निळा दिवा मिणमिणताना दिसला तर नवा बल्ब आणू नका, आधी तो बोल्ट शोधा.

रात्रपाळी :

मी म्हणतो बदलायचाच आहे तर १००/९० वॅटचा (अप्पर/डिपर) टाका ना, कंपनीचा ६०/५५ म्हणजे काजवा आहे. रात्री सोलापूर रोडला समोरून एलईडी बार लावलेले येतात त्यांच्यापुढे आपलं काहीच दिसत नाही. माझ्या मित्राने टाकलेत, एकदम दिवस.

नानापेठी :

रात्रपाळी, मित्राला विचारा सॉकेट कुठल्या रंगाचं झालंय. पुण्यात नाना पेठेत स्पेअरपार्टच्या काउंटरवर उभा असतो म्हणून सांगतो, तपकिरी होऊन वितळलेलं सॉकेट हातात घेऊन लोक येतात आणि म्हणतात बल्ब चांगला आहे हो, हेच खराब निघालं. हिशोब साधा आहे. ५५ वॅटला १२ व्होल्टवर साधारण साडेचार अँपियर लागतात, ९० ला साडेसात. वायर, स्विच, सॉकेट सगळं पहिल्या आकड्यासाठी बनवलेलं. वेगळं रिले वायरिंग आणि सिरॅमिक सॉकेट टाकून लोक चालवतात, पण वायर वाचली तरी उष्णतेने रिफ्लेक्टरची चांदी उडायची ती उडतेच, आणि रस्त्यावर ते कायद्यात बसत नाही ते वेगळंच. उजेड कमी वाटत असेल तर आधी दिव्याची पुढची काच बघा, ती काच नसते, प्लास्टिक असतं, उन्हाने पिवळं पडतं. ते पॉलिश करून घ्या, निम्मी तक्रार तिथेच मिटते.

आणि कृपया जुना बल्ब सोबत घेऊन या. "त्या गाडीचा द्या" म्हणून भागत नाही, एकाच गाडीच्या दोन मॉडेलला दोन वेगळे बल्ब असू शकतात. एच-१, एच-७, एच-११ तिन्ही ५५ वॅट, पण बूड तिघांचं वेगळं, एकाच्या जागी दुसरा बसत नाही. बुडावर बारीक अक्षरात नंबर असतो. बाईकवाले तर हमखास गोंधळतात, त्यांच्याकडे बहुतेक एचएस-१ असतो, ३५/३५ वॅट, दिसायला एच-४ चा सख्खा भाऊ, आणि कान घासून तिथे गाडीचा ६०/५५ बसवणारे महाभाग आहेत. मग बॅटरी उतरते म्हणून बॅटरीवाल्याशी भांडतात. २०१७ च्या एप्रिलपासून नवीन दुचाक्यांचा हेडलाईट इंजिन सुरू असेपर्यंत बंदच होत नाही, म्हणजे तो जादा भार दिवसभर.

स्वस्तातले बिननावी बल्ब पण टाळा. नुसते लवकर जातात म्हणून नाही, त्यांची तार जागच्या जागी नसते. तार जराशी जरी सरकलेली असली तरी रिफ्लेक्टर उजेड भलतीकडे फेकतो. चांगला एच-४ दीड-दोनशेच्या आसपास मिळतो, त्यात काय वाचवायचं.

रात्रपाळी :

बरं बाबा. मित्राला सांगतो सॉकेट बघायला.

कोकणकडा :

ताम्हिणीत, जुलैमध्ये, धुकं आणि धो धो पाऊस. माणगावच्या बाजूने चढत होतो आणि उजव्या दिव्याचा डिपर गेला. अप्परची तार चालू होती पण धुक्यात अप्पर लावला की समोर नुसती पांढरी भिंत, काही उपयोग नाही. सोबत जादाचा बल्ब नव्हता. एका बंद टपरीच्या पत्र्याखाली गाडी लावली, हॅझार्ड चालू ठेवले, आणि मेहुण्याने डोकं चालवलं की डावा चांगला बल्ब उजवीकडे लावू आणि गेलेला डावीकडे. समोरून येणाऱ्याला आपली उजवी कड दिसली पाहिजे, डावीकडे काय, डोंगर. दोन्ही एच-४ त्यामुळे अदलाबदल शक्य होती. फक्त बल्ब गार होऊ द्यावा लागतो, नुकताच पेटलेला हॅलोजन धरला तर बोटाची खैर नाही, आम्ही तेवढ्या वेळात डब्यातल्या घावनांवर ताव मारला. काम मोबाईलच्या टॉर्चवर झालं. पुढे पौडपर्यंत फॉगलॅम्प आणि तो एक दिवा, हळूहळू. हेच वेगवेगळे बल्ब असलेल्या गाडीत पण जमतं, डिपरचा डिपरशी बदलायचा.

राईनकाठ :

तुम्हा लोकांचा हेवा वाटतो, बॉनेट उघडलं की बल्बची पाठ समोर. इकडे जर्मनीत माझ्या गाडीला (नाव नाही घेत, शेजाऱ्यांकडे पण तीच आहे) एच-७, डिपरला वेगळा, अप्परला वेगळा, आणि एका बाजूला बॅटरी तर दुसऱ्या बाजूला पाण्याची टाकी. मॅन्युअल म्हणतं चाक पूर्ण वळवा, चाकावरच्या काळ्या प्लास्टिकमधलं झाकण उघडा आणि तिथून हात घाला. हात गेला, पण हात गेल्यावर डोळे जात नाहीत! बायकोने वरच्या फटीतून मोबाईल आत सोडला, व्हिडिओ कॉल माझ्या मोबाईलवर, आणि मी जमिनीवर आडवा पडून स्वतःचीच बोटं बघत क्लिप लावतोय. शेवटी तिनेच लावली, तिची बोटं बारीक. युरोपातल्या नियमात खरं तर लिहिलंय की बल्ब तज्ञाच्या मदतीशिवाय आणि गाडीसोबत दिलेल्या हत्यारांपलीकडे काही खास हत्यार न लागता बदलता आला पाहिजे, लिहिणाऱ्याने मनगट मोजलं नसावं.

पण इथली एक पद्धत मला फार आवडते. दर ऑक्टोबरात, अंधार लवकर पडायला लागला की, सहभागी गॅरेजमध्ये गाडीचे सगळे दिवे फुकट तपासून देतात आणि काचेवर स्टिकर लावतात, १९५६ पासून चालू आहे. हॅलोजनच्या जागी एलईडी टाकायला मात्र इथे वर्षानुवर्षं पूर्ण बंदी होती, २०२० मध्ये पहिल्यांदा एका कंपनीच्या एच-७ एलईडीला परवानगी मिळाली, ती पण यादीतल्या ठराविक गाड्यांनाच. आपल्याकडे कुणीही काहीही लावतो. झेनॉन दिवेवाल्यांना पण सांगून ठेवतो, त्यात पेटताना वीस हजार व्होल्टच्या वर दाब असतो, तिथे घरगुती प्रयोग करू नका.

भिंतीसमोर :

बल्ब बदलून झाल्यावर सगळे बॉनेट आपटून मोकळे होतात, उजेड कुठे पडतोय ते कुणी बघत नाही. सपाट जागेवर भिंतीसमोर पाच-सात मीटरवर गाडी लावा आणि डिपर टाका. उजेडाची वरची कड दिव्याच्या उंचीपेक्षा जराशी खाली पाहिजे, आणि आपल्याकडे ती डावीकडे वर चढत गेलेली दिसते, कारण डावीकडची कड आणि पायी चालणारी माणसं दिसावीत आणि उजवीकडून येणाऱ्याच्या डोळ्यात जाऊ नये. एक दिवा आभाळाकडे बघत असेल तर स्क्रू फिरवत बसू नका, आधी बल्ब परत काढून बसवा, शंभरातल्या नव्वद वेळा एक कान खाचेत गेलेला नसतो. आपल्या १९८९ च्या मोटार वाहन नियमात तर मापच दिलंय, दिव्यापासून ८ मीटर पुढे, अर्धा मीटर उजवीकडे आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला दिपता कामा नये. पूर्वी हेडलाईटच्या वरच्या भागावर काळा पट्टा रंगवायचे ते आठवतंय का कुणाला?

ज्यांचे बल्ब सारखे उडतात त्यांच्यासाठी, इंजिन चालू ठेवून बॅटरीवर व्होल्टमीटर लावा. साधारण चौदा-सव्वाचौदा व्होल्ट ठीक, पंधराच्या वर जात असेल तर अल्टरनेटरचा (बॅटरी चार्ज करणारा जनरेटर) व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर गेलाय. व्होल्टेज थोडं वाढलं तरी बल्बचं आयुष्य झपाट्याने घटतं, पाच टक्क्यांत जवळपास निम्मं. आमच्याकडे इलेक्ट्रिशियन बल्बच्या कंपन्या बदलत बसला होता, मीटर काही लावला नाही त्याने.

ओली_माती :

मस्त माहिती येतेय. कागलच्या काकांना नमस्कार सांगा. भिंतीचा प्रयोग संध्याकाळी केला, डावा नीट आहे, उजवा जुनाच आहे तो जरा पिवळट वाटतोय, जोडीने बदलायचा का?

नानापेठी :

बदला. दोन्ही एकाच दिवशी कंपनीतून आलेले, एक गेला की दुसरा पण रांगेत असतो. आणि तो काढून ठेवलेला चालू बल्ब खोक्यात घालून डिकीत टाका, घाटात उपयोगी पडेल. टोपी उघडलीच आहे तर पार्किंगचा तो छोटा ५ वॅटचा बल्ब पण बघून घ्या, होल्डर फिरवून बाहेर काढायचा, मग बल्ब सरळ ओढला की निघतो.

ओली_माती :

तो छोटा काढताना होल्डरच हातात आला आणि वायर आखूड आहे. पुढे?

कोकणकडा :

होल्डर तसाच आत लटकू द्या, दोन बोटांत बल्ब धरून हलवत ओढा. पक्कड लावू नका, काच फुटते आणि मग उरलेला तुकडा काढायला दुपार जाते.