जळगाव: जुन्या पेठा आपल्या आपण पायी बघायच्या आहेत, मार्ग कसा ठेवू?

गोदाकाठ
राम राम मंडळी. डिसेंबरात एक दिवस जळगावला येतोय. सकाळी आठच्या सुमारास स्टेशनवर उतरू, संध्याकाळच्या गाडीने परत. सोबत आई-बाबा, दोघं सत्तरीच्या आसपास. आईचा गुडघा दुखतो, पण सपाट रस्त्यावर थांबत-थांबत दोनेक तास चालते. गाईड नको, गाडी नको. नकाशावर स्टेशन, नेहरू चौक, टॉवर चौक, सुभाष चौक, रथ चौक, जुनं जळगाव अशी ओळ दिसते. त्याच क्रमाने जावं का? कवयित्री बहिणाबाई चौधरींचं घर चुकवायचं नाही.

पेठकरी
ओळ बरोबर आहे, दिशा उलटी करा. स्टेशनवरून रिक्षाने थेट जुन्या जळगावातल्या श्रीराम मंदिरापाशी उतरा आणि तिथून चालत स्टेशनकडे या. कारण साधं आहे. जुन्या गावातल्या गल्ल्या सकाळी मोकळ्या असतात, बाजार मात्र उशिरा उघडतो. तुम्ही स्टेशनकडून निघालात तर नऊ वाजता सराफ बाजारात नुसती शटरं बघाल आणि जुन्या गावात पोचाल तेव्हा हातगाड्या, दुचाक्या, टेम्पो यांत आईंना कडेला उभं राहायलाही जागा मिळायची नाही. शिवाय थकवा येतो तो शेवटी. तेव्हा स्टेशन जवळ असलेलं बरं.

उतरताना शहराच्या बाजूने बाहेर पडा. रुळांपलीकडे शिवाजीनगर आहे, तिकडे गेलात तर पूल ओलांडून परत यावं लागेल. आणि स्वच्छतागृहाचं काम स्टेशनवरच उरकून घ्या. पेठांत ऐनवेळी सोय सापडत नाही.

राम मंदिर, चौधरी वाडा, रथ चौक, बोहरा गल्ली, सुभाष चौक, दाणा बाजार, घाणेकर चौक, टॉवर चौक. एवढंच. नुसतं चालणं पाऊण तासाचं, बघत-बसत गेलात तर तीन तास धरा. टॉवर चौकातला टॉवर म्हणजे लालबहादूर शास्त्री टॉवर. दिशा चुकलीच तर महापालिकेची सतरा मजली इमारत शोधा. ती दिसली की स्टेशनची बाजू कळते.

तापीखोरं
रिक्षात बसताना 'बहिणाबाई' हा शब्द तोंडातून काढू नका! एक तर बहिणाबाई उद्यानात नेतील, नाहीतर विचारतील, "विद्यापीठात का?" 2018 पासून विद्यापीठालाही त्यांचंच नाव आहे, आणि ते गिरणेपलीकडे, धुळे रस्त्याला. 'जुनं जळगाव, चौधरी वाडा' असंच सांगा.

घर म्हणजे त्यांच्या सासरचा वाडा. आता तिथे स्मृती संग्रहालय आहे, त्यांच्या रोजच्या वापरातल्या वस्तू ठेवल्यात. आजूबाजूला लोक राहतात, त्यामुळे दार बंद दिसलं तर लगेच माघारी फिरू नका, शेजारच्या ओट्यावर विचारा. आत शिरण्याआधी आई-बाबांना एवढं सांगून ठेवा: जन्म 24 ऑगस्ट 1880, माहेर असोदा, इथून जवळच. लिहिता-वाचता येत नव्हतं. गाणी घरच्यांनी टिपून ठेवली आणि 1951 साली त्या गेल्यावर, 1952 मध्ये ती छापून आली. हे माहीत असलं की तिथल्या साध्या भांड्याकुंड्यांकडे माणूस वेगळ्या नजरेने बघतो.

वाटेत वर बघत चला. सिमेंटच्या मधेमधे अजून धाब्याची, म्हणजे सपाट मातीच्या छताची, घरं दिसतील. सागाच्या खांबांवर सर (आडव्या तुळया), सरांवर फळ्या, फळ्यांवर मातीचा थर आणि सगळ्यात वर खारी. या खारवट मातीत गवत उगवत नाही आणि पाणी पडलं की ती फुगून, गच्च बसून आपणच भेगा बुजवते. म्हणून दर पावसाळ्याआधी नवी खारी टाकायची. ती टाकणं सोडलं की धाबं गळतं, मग फळ्या कुजतात, मग वर पत्रा येतो. पत्रा ठोकलेलं जुनं घर दिसलं तर हा क्रम झालाय असं समजा.

मोगरीवाला
पेठकरी भाऊंनी दिलेला मार्ग हा बराचसा रथाचाच मार्ग आहे, ते सांगायचं राहिलं. अप्पा महाराजांनी 1872 साली सुरू केलेला श्रीरामाचा रथ कार्तिक शुद्ध एकादशीला याच भागातून फिरतो. पायी फिरणाऱ्यालाही त्याचा उपयोग आहे: रथ जातो ती गल्ली रथ वळण्याइतकी रुंद असणारच. गुडघ्याचा त्रास असलेल्यांनी रथमार्ग सोडून बोळात शिरू नये.

रथाला ना सुकाणू, ना ब्रेक. पुढे दोरावर माणसं आणि चाकांजवळ मोगरीवाले. मोगरी म्हणजे लाकडाची मोठी पाचर. रथ डावीकडे वळवायचा तर डाव्या चाकाखाली मोगरी सरकवायची. ते चाक अडतं, उजवं ओढाने पुढे जातं, तोंड डावीकडे फिरतं. थांबवायचा तर दोन्हीकडे लावायच्या. मोगरी क्षणभर आधी लागली तर दोर ओढणाऱ्यांना हिसका बसतो, उशिरा लागली तर रथ समोरच्या ओट्यावर. हे डोक्यात ठेवून बोहरा गल्लीच्या तोंडाशी पाच मिनिटं उभे राहा, म्हणजे त्या वळणाचं मोल कळेल.

रथाच्या परतीच्या अंगाला भिलपुऱ्यात लालशा बाबांचा दर्गा आहे. रथ तिथे थांबतो, चादर चढते, मग पुढे जातो. तुमच्या वाटेपासून हे थोडं बाजूला आहे, आई दमल्या नसतील तरच जा.

ऐन एकादशीला मात्र हा फेरफटका नको. त्या दिवशी तुम्ही रस्ता बघणार नाही, लोकांच्या पाठी बघाल.

गोदाकाठ
बापरे, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. दिशा उलटी पक्की. दोन शंका. दुपारी जेवायला काय आणि कुठे? आणि त्याच दिवशी गांधी तीर्थ (गांधीजींवरचं संग्रहालय) होईल का?

पेठकरी
डिसेंबर म्हणजे भरिताचे दिवस. टॉवर चौकाकडे आलात की भरीत केंद्र कुठं ते कुणालाही विचारा. वांगी हिरवी, लांबट, कमी बियांची बघा. बामणोदची म्हणून विकतात ती हीच. काड्यांच्या जाळावर भाजलेली असली तर वास धुराचा येतो. गॅसवरच्या भरिताला तो येत नाही, आणि तेल कितीही ओतलं तरी ती उणीव भरून निघत नाही. हिरवी मिरची ठेचून घालतात, आई-बाबांसाठी 'कमी तिखट' असं आधी सांगा, वाढल्यावर सांगून उपयोग नाही. पुरी सगळीकडे मिळते, मी म्हणेन कळण्याची भाकरी मागा.

कळण्याचं पीठ घरी न्यायचं तर दाणा बाजारातून ज्वारी आणि सालाचे काळे उडीद घ्या. चार वाटे ज्वारीला एक वाटा उडीद, दळतानाच थोडं जाडं मीठ. उडीद जास्त झाले तर भाकरी चिवट होते. पण पिशवी शेवटी घ्या, दोन किलोचं ओझं घेऊन सराफ बाजार बघवत नाही.

तापीखोरं
गांधी तीर्थ जैन हिल्सवर, शहराबाहेर. चालत नाहीच. जेवण एकच्या आत झालं तर रिक्षा ठरवून जा, जाऊन-येऊन आणि बघून साडेतीन तास लागतात. भाडं बसण्याआधी ठरवा, आणि रिक्षा थांबवून ठेवायची की सोडायची तेही. तिकडून परतीची रिक्षा लगेच मिळेलच असं नाही. साप्ताहिक सुट्टी कोणत्या वारी ते आदल्या दिवशी फोनवर विचारून घ्या.

गाडी पाचच्या आधीची असेल तर ते सोडा आणि मेहरूण तलावावर जा. ते जवळ आहे, आणि हंगाम लागला असेल तर मेहरूणची बोरंही मिळतील.

मोगरीवाला
गोदाकाठ ताई/दादा, चपला पट्ट्याच्या घाला, लेसचे बूट नकोत. मंदिर, संग्रहालय, पुन्हा मंदिर, तीनदा वाकायचं आईंच्या गुडघ्याला जड जाईल.