रात्री वास, दुपारी पाहणी: काय करावं? मदत हवी आहे

खिडकीबंद:
चार रात्री झोप नाही. पुन्हा तोच वास. प्रदूषण नियंत्रण मंडळाला फोन केला की "माणूस पाठवतो". माणूस उगवला दुसऱ्या दिवशी दुपारी साडेबाराला, "काही आढळले नाही" लिहून गेला. ॲपवर एक्यूआय (हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक) ७८, समाधानकारक म्हणे! सोसायटीवाले सह्या गोळा करू म्हणतायत. उपयोग होतो का? लवकर सांगा.

पोळीभाजी:
गाव कुठलं? वास कसला?

खिडकीबंद:
डोंबिवली, एमआयडीसी निवासी विभाग. अजून कुठे असणार? घशात बसतो असा वास.

जुना_डोंबिवलीकर:
२०१४ ला हिरवा पाऊस, २०२० ला गुलाबी रस्ता. मुख्यमंत्री येऊन बघून गेले. फ्लॅट विका आणि बदलापूर गाठा.

पोळीभाजी:
काका, बदलापूरला एमआयडीसी नाहीये का?

निवृत्त_केमिस्ट:
एक्यूआयमध्ये धूळ, सल्फर डायऑक्साइड, अमोनिया वगैरे आठच घटक धरतात. हायड्रोजन सल्फाइड नाही, सॉल्व्हंटची वाफ नाही. सडक्या अंड्यासारखा येतो का?

खिडकीबंद:
कधी तसा, कधी नेलपॉलिशसारखा. नाल्याच्या बाजूने जास्त.

निवृत्त_केमिस्ट:
नाला आहे हे आत्ता सांगताय?

खिडकीबंद:
अहो, इथे सगळ्यांना माहितीय.

मनीप्लांट:
एअर प्युरिफायर घ्या, आमच्याकडे मस्त चालतो.

निवृत्त_केमिस्ट:
हेपा फिल्टर धूळ अडवतो, वायू नाही. असो. सह्यांआधी वही घाला. पाच-सहा इमारतींतून एकेक घर: तारीख, वेळ, वास, वारा कुठून. तमिळनाडूत कडलूरला सिपकॉट या औद्योगिक वसाहतीशेजारच्या गावकऱ्यांनी अशाच नोंदी ठेवल्या, बादलीत खास पिशवी बसवून हवेचे नमुनेही घेतले.

कायद्याचं_बोला:
वह्या कसल्या लिहिताय, जनसुनावणी मागा!

अर्जदार_कल्याण:
चालू कारखान्याला कसली जनसुनावणी? ती नव्या प्रकल्पाला किंवा विस्ताराला. त्यातही पर्यावरण मंजुरीच्या २००६ च्या अधिसूचनेत मंजुरी असलेल्या औद्योगिक वसाहतीतल्या प्रकल्पांना सूट आहे. त्यापेक्षा माहिती अधिकारात मंडळाने कारखान्याला दिलेल्या संमतीपत्राची प्रत आणि पाहणी अहवाल मागा. १० रुपये फी, ३० दिवसांत उत्तर. सांडपाणी किती, कुठे सोडायचं, सगळं त्या संमतीपत्रात असतं. हरित लवादाकडे जायचं तर कलम १४ खाली सहा महिन्यांची मुदत असते, ती बघून ठेवा.

कायद्याचं_बोला:
३० दिवस वास घेत बसायचं का मग?

शिफ्टवाली:
माझा नवरा तिथेच कामाला आहे. २०२४ च्या स्फोटात आमच्याही काचा फुटल्या. पण लगेच "कंपन्या हलवा" सुरू करू नका. वास आधी आत काम करणाऱ्यांना येतो, त्यांना विचारा ना. तुमच्या मोहिमेत एक तरी कामगार आहे का?

खिडकीबंद:
नाही. ते डोक्यातच आलं नाही. बोलाल का त्यांच्याशी?

शिफ्टवाली:
विचारते. नाव कुठे येता कामा नये.

जुना_डोंबिवलीकर:
सह्या आम्हीही केल्या होत्या. गठ्ठा अजून माळ्यावर आहे.

खिडकीबंद:
११:४०. आला. वारा कुठून ते कसं ओळखायचं?

निवृत्त_केमिस्ट:
दोरीवर काही वाळत घातलंय का?

खिडकीबंद:
टॉवेल. जिन्याकडे उडतोय. म्हणजे नाल्याकडून. लिहिलं.