रंगाची बंदूक हातातून काढली तेच बरं झालं!

निळी_उडी: रंग फासून जमिनीचा, भिंतीचा गुणच बदलायचा, ही कल्पना खरी पिकली 'पोर्टल २' या व्हिडिओ गेममध्ये (२०११). त्याआधी डिजिपेन या गेम बनवायला शिकवणाऱ्या संस्थेच्या विद्यार्थ्यांचा 'टॅग: द पॉवर ऑफ पेंट' होता. बंदूक आपल्या हातात, हिरव्यावर उसळी, लालवर वेग, निळ्यावरून थेट भिंतीवर चालायचं. मजा होती, पण वाटेल तिथे फवारा मारता आला की कोडं पातळ होतं. 'पोर्टल' बनवणाऱ्या वाल्व कंपनीने त्या मुलांना घेतलं आणि बंदूकच काढून टाकली. आता जेल, म्हणजे तो रंग, पाइपातून पडतं, ते हवं तिथे न्यायला पोर्टल लावा, म्हणजे एका भिंतीतून शिरून दुसरीतून निघायची दारं. आधी रंग पोचवायचा, मग वापरायचा. एकात दोन कोडी.

भिंतीवरची_पाल: "हवं तिथे" कसलं? पोर्टल लागेल अशा भिंती मोजक्याच, म्हणजे जेल कुठे पडणार ते डिझायनरने आधीच ठरवलेलं. 'टॅग'मध्ये चूकही माझी, वाटही माझी. आणि तिन्हींतला सगळ्यात धाडसी रंग, चिकटणारा, तोच गाळला!

निळी_उडी: चाचणीत लोक गरगरले म्हणून गाळला. वर-खाली कुठे हेच कळेना, तिथे कोडं काय सोडवणार? त्याच्या जागी पांढरं जेल बघ, चंद्रावरच्या दगडांच्या भुकटीचं. ते तुला उडवत नाही, पळवत नाही. ते लागलेल्या जागी पोर्टल लागतं, बस. एका रंगाने दुसऱ्याच हत्याराचा, पोर्टलचा, नियम बदलला. हे 'टॅग'ला सुचलं नव्हतं.

भिंतीवरची_पाल: पांढऱ्याचं मान्य. तरीही २०१४ साली चाहत्यांनी 'अपर्चर टॅग' काढला, पोर्टल काढून बंदूक परत दिली. हौस कुणाला नव्हती म्हणतोस?

निळी_उडी: हौस होतीच, मीही खेळलोय. आधी फवारायचं, मग विचार करायचा, अशी सवय लागली मला.

कोरी_पाटी: दोघंही उड्यांतच अडकलात. 'द अनफिनिश्ड स्वॉन' (२०१२) आठवा. सगळं पांढरं, काळा रंग फेकला तरच भिंत दिसते. फार फेकलात तर सगळंच काळं, पुन्हा आंधळे. हात आखडता घ्यायला लावणारा रंग.

भिंतीवरची_पाल: सुंदरच आहे, पण तिथे भिंत भिंतच राहते, फक्त दिसते.

कोरी_पाटी: न दिसणाऱ्या भिंतीवरून तू चालून दाखव, मग बोलू.